भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडला का?

प्रश्न: ताई, सलाम. मी मंडळीतच वाढले, आता संडे स्कूलमध्ये शिकवते. गेल्या वर्षभरात मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालंय. ह्यांच्या कंपनीत दोनदा कपात झाली, तिसऱ्यांदा होणार म्हणतात. बातम्या लावल्या की युद्ध, नाहीतर कुठेतरी जाळपोळ. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी मोबाइलचा आवाज बंद करून बातम्या बघत बसते, ह्यांची झोप मोडू नये म्हणून. प्रार्थनेला बसले की शब्दच फुटत नाहीत. बायबल स्टडीत हे बोलून दाखवलं, तर एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “भीती सैतानाकडून असते. तुझा विश्वास कमी पडतोय.” प्रार्थनागटाच्या व्हॉट्सअॅपवर रोज शेवटच्या काळाचे व्हिडिओ येतात, कोणी कोणी तर तारीखही सांगतं. परवा दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, “मम्मी, आपण देवाचे आहोत ना, मग आपल्याला काही होणार नाही ना?” मी “नाही गं बाळा” म्हणाले आणि तेव्हापासून वाटतंय, मी खोटं बोलले. माझा विश्वास खरा होता, की दिवस बरे होते म्हणून टिकला होता? अशा मनाने मी मुलांना शिकवावं का? — एक बहीण

उत्तर: प्रिय बहीण, सलाम.

तुमच्या बायबल स्टडीत ईयोबाचं पुस्तक घ्यायचं अजून राहिलेलं दिसतंय. संकटांमागून संकटं कोसळलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे तीन मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, आणि तेवढंच काय ते त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं तिथे बिघडलं. “तुझंच काहीतरी चुकलं असणार” हे तिघांनी आळीपाळीने, अध्यायच्या अध्याय सांगितलं. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर: ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. आता ईयोब काय बोलला होता? जन्माला आलो तो दिवस नष्ट होवो, म्हणाला होता. देवासमोर आपला खटला मांडायचाय, देवाने समोर येऊन उत्तर द्यावं, म्हणाला होता. हे देवाच्या लेखी नीट बोलणं ठरलं, आणि मित्रांची शुद्ध, सोवळी, देवाची बाजू घेणारी भाषणं ठरली नाहीत.

त्या बाईंचा हेतू वाईट नसेल. दुसऱ्याची भीती बघवत नाही, मग एखादं वचन पुढे करून विषय संपवायचा, ही सवय मंडळीत अनेकांना असते. पण भीती वाटणं हा अविश्वास असेल तर गेथशेमाने बागेचं काय करायचं? तिथे येशू तिघा शिष्यांना म्हणाला, माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. हा प्याला टळावा म्हणून त्याने त्याच त्या शब्दांत पुन्हा पुन्हा प्रार्थना केली. त्याचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणत नाही. मग तुमच्या बाबतीत लोक इतक्या झटकन कसे म्हणतात, हे मला तरी उमगत नाही.

आधी रात्रीचं बघू. एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्ही वर्गात सांगितली असेल, पण कर्मेल डोंगरावरच्या अग्नीपर्यंत येऊन थांबला असाल. त्याच्या पुढच्याच अध्यायात तो जीव घेऊन रानात पळालाय, एका झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं. दूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. “तू इथे काय करतोस?” हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवस चालून तो डोंगरावर पोचल्यावर आला. तेव्हा रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन वाजता पाहिलेल्या बातमीने ना युद्ध थांबतं, ना कपात. झोप आठवड्यामागून आठवडे अशीच उडालेली असेल, दिवसा छाती धडधडत असेल, काही सुचेनासं झालं असेल, तर डॉक्टरकडे जा आणि हे सगळं सांगा. मनाला औषध घ्यायचं म्हणजे देवावर भरवसा नाही, असं कोणी सुचवलं तर कानाआड करा.

आणि तुमच्या नवऱ्याशी बोला. धोक्यात आहे ती त्यांची नोकरी. तुम्ही आवाज बंद करून जागता, ते बहुधा डोळे मिटून जागे असतील.

प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत म्हणता. तर दुसऱ्याचे घ्या, ते त्यासाठीच लिहून ठेवलेत. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं रडगाणी आहेत, हे उपासनेतली गाणी ऐकून कोणाला खरं वाटणार नाही. तेराव्या स्तोत्रात “कुठवर?” हे सुरुवातीलाच चार वेळा येतं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीकडे येतात. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं: मित्र दूर गेले, तू तोंड लपवलंस, आता सोबतीला काळोख उरला. आशेचा म्हणावा असा एकच धागा त्यात आहे, तो म्हणजे हे सगळं तो देवालाच सांगतोय. ज्यांनी स्तोत्रसंहिता जमवली त्यांनी हे गाळलं नाही, की त्याच्या शेवटी दोन ओळी सुधारून चिकटवल्या नाहीत. आज रात्री तेच वाचा, मोठ्याने, एकदा. पुढे काही सुचलं नाही तर “आमेन” म्हणून झोपा. तेवढी प्रार्थना पुरेशी आहे.

आता यिर्मया संदेष्ट्याकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचं खरं उत्तर त्याच्याकडे आहे.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमचा राजा, सरदार, कारागीर धरून नेले. नेलेल्यांचा आणि मागे राहिलेल्यांचा प्रश्न एकच होता: हे कधी संपणार? काही वर्षांनी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षं. दोन वर्षांच्या आत राजा परत येईल, माणसं परत येतील, मंदिरातली लुटलेली पात्रंही येतील. यिर्मयाच्या मानेवर तेव्हा लाकडी जू होतं, बाबेलचं जोखड मानेवर घ्यावं लागणार याची खूण म्हणून देवाने घालायला लावलेलं. हनन्याने ते काढून मोडून टाकलं. बघणाऱ्यांना किती बरं वाटलं असेल! यिर्मयाचं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणाला, आमेन, परमेश्वर असंच करो. त्यालाही तेच हवं होतं. फक्त तसं होणार नव्हतं.

पुढच्या अध्यायात, एकोणतिसाव्यात, त्याने बाबेलला गेलेल्यांना लिहिलेलं पत्र आहे. त्यातलं अकरावं वचन तुम्हाला पाठ असणार: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. कॅलेंडरवर, भिंतीवर, लग्नाच्या भेटकार्डावर ते एकटंच छापलेलं असतं. दहावं कोणी छापत नाही, कारण त्यात सत्तर वर्षं आहेत. पत्र वाचणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना काय सांगितलं? घरं बांधा, त्यात राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं लावा. आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्यांनी आपल्याला धरून नेलं त्यांच्याच नगरासाठी.

सुमारे दहा वर्षांनंतरचा प्रसंग तर आणखी विलक्षण. यरुशलेमला वेढा पडलाय, बाबेलचं सैन्य तटाला भिडलंय, आणि नगर पडणार असं सांगितल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ तटाबाहेरचं गाव. असली जमीन त्या घडीला कोण घेईल? देव म्हणाला, घे. मग यिर्मयाने सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून दिली, खरेदीखतावर सही केली, मोहर लावली, साक्षीदार घेतले. मोहर केलेली प्रत आणि उघडी प्रत अशा दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगितलं, मातीच्या भांड्यात घालून ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कागदपत्रांच्या बाबतीत इतका काटेकोर संदेष्टा दुसरा सापडायचा नाही.

आणि व्यवहार पुरा झाल्यावर तो प्रार्थनेला बसला तेव्हा गोंधळून गेला. देवाची थोरवी गाऊन झाल्यावर शेवटी त्याच्या तोंडून निघालंच: तटाला मोर्चे लागलेत, नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती जाणार, हे तूच बोललास, आणि तूच मला म्हणतोस, पैसे देऊन शेत घे? देवाने त्याला उत्तर दिलं, या देशात पुन्हा घरंदारं, शेतं, मळे विकत घेतले जातील असं वचन दिलं. पण गोंधळ आधी मिटला आणि मग त्याने सही केली, असा क्रम तिथे नाही. सही आधी झाली. पुढे लोकांनी त्याला ओढून मिसरला नेलं. त्या शेतात त्याने कधी पाऊल ठेवलं, असं बायबलमध्ये कुठेही नाही.

हे इतकं लांबवलं, कारण तुम्ही ज्याला विश्वास म्हणताय तो बराचसा हनन्याचा आहे असं मला वाटतं. “सगळं ठीक होईल” ही खात्री वाटली तर विश्वास आहे, नाही वाटली तर गेला, असं तुम्ही धरून चालला आहात. ही खात्री तुम्हाला कोणी देऊ शकत नाही. मी नाही, पाळकसाहेब नाहीत, त्या गटातले लोक तर नाहीतच. तिसऱ्या कपातीच्या यादीत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. पण आज करण्यासारखं काय आहे ते बऱ्याचदा माहीत असतं, आणि उद्याची धास्ती वाटत असतानाही ते करता येतं. तुम्हा दोघांना तारखा कळत नाहीत म्हणून अडून राहिलेलं एखादं काम घरात असेलच: मुलीच्या शिक्षणाचा निर्णय, कोणाकडे तरी जाऊन मिटवायचं भांडण, ह्यांनी शिकायचं ठरवून लांबणीवर टाकलेलं काही. त्यातलं एक या आठवड्यात हातात घ्या.

नोकरी गेली तर काय, याची तयारी करणंही त्यातच आलं. खर्च लिहून काढा, नवऱ्याने इतरत्र अर्ज करावेत, कर्ज असेल तर हप्त्यांचं आधीच बोलून ठेवावं. याने देवावरचा भरवसा उणा होत नाही. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा विद्यापीठ येनाला हललं आणि सॅक्सनीचा शासक योहान याने धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला निघून जायला सांगितलं. तो गेला नाही. त्याचं घरच दवाखाना झालं, बायको त्या वेळी गरोदर होती. त्याच सुमारास ब्रेस्लाऊच्या योहान हेस या पाळकाने त्याला विचारलं होतं, ख्रिस्ती माणसाने साथीत पळून जावं का? ल्यूथरने लिहिलेलं उत्तर आजही कामाचं आहे. त्याचा आशय असा: मी देवाकडे रक्षण मागेन, मग घराला धुरी देईन, हवा शुद्ध करीन, औषध देईन आणि घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, पण शेजाऱ्याला माझी गरज असली तर जागा आणि माणूस न बघता जाईन. ज्याच्यावर कोणाची जबाबदारी नाही त्याने निघून जाण्यातही त्याने पाप धरलं नाही. आणि हे लिहिणारा माणूस त्याच वर्षी मनाने इतका खचला होता, की सोबत्यांना त्याच्याजवळ बसून धीर द्यावा लागला.

आता ते व्हिडिओ. त्यांच्यावर फार शाई घालवत नाही. त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी पुत्रालाही ठाऊक नाही, असं येशू मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात म्हणतो. त्याच अध्यायात लढायांच्या आवया ऐकाल तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असंही म्हणतो. यापलीकडे कोणाला तारीख कळली असेल तर ती त्याने स्वतःजवळ ठेवावी. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी येशूच्या परत येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. काहींनी शेतातलं पीक कापलं नाही, काहींनी दुकानं बंद केली. तेवीस तारीख उजाडली. त्या लोकांना हसू नये, ती मनापासूनची माणसं होती, पण त्यांच्या मुलाबाळांनी त्या हिवाळ्यात काय काढलं असेल याचा विचार मनात येतो. पौलाच्या काळी थेस्सलनीकाच्या मंडळीतही असंच झालं होतं. प्रभूचा दिवस आलाच म्हणून लोक हबकले होते आणि काही जण कामधंदा सोडून लुडबूड करत फिरत होते. पौलाने त्यांना सांगितलं, गुपचूप काम करा आणि आपली भाकर खा. तुम्हीही तो गट बंद करा, निदान म्यूट करा. कारण सांगायची गरज नाही.

त्यातच एखादी आपत्ती कुठल्या पापाची शिक्षा हेही सांगणारे असतात. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी होती का, असं येशूने स्वतःच विचारलं आणि स्वतःच “नाही” म्हणून सांगितलं. पुढे पश्चात्तापाची गोष्ट काढली ती ऐकणाऱ्यांना उद्देशून. मेलेल्यांविषयी तो एक शब्दही वावगा बोलला नाही.

मुलीचं. हो, तुम्ही तिला जे सांगितलंत ते खरं नाही, आणि दहा वर्षांच्या मुलीला ते आज ना उद्या कळणार. पण आकाश कोसळलेलं नाही, दुरुस्ती सोपी आहे. तिला जवळ घेऊन सांगा, “परवा तू विचारलंस ना, त्याचं मी घाईत उत्तर दिलं. बाबांची नोकरी कदाचित जाईल. गेली तर काय करायचं ते आम्ही दोघं ठरवतोय. देवाला रोज सांगतोय. तुला भीती वाटली तर मला सांग, मला पण वाटते.” मुलांना वाईट बातमीपेक्षा घरातली कुजबुज जास्त घाबरवते. मग ती प्रार्थना करील तशी करू द्या. “बाबांची नोकरी जाऊ देऊ नको” म्हणाली तर तिला थांबवून देवाच्या इच्छेचा पाठ देऊ नका. तिला हवं ते तिने मागावं.

विश्वास खरा होता की दिवस बरे होते म्हणून टिकला? दोन्ही असेल. आपल्यापैकी कोणाचा निव्वळ एकाच गोष्टीवर टिकलाय? इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आपण विश्वासाचा अध्याय म्हणून वाचतो. अब्राहाम कुठे जायचं ते ठाऊक नसताना निघाला, हे त्यात आहे. शेवटाकडे या. विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेपासून निभावले, असं चौतिसाव्या वचनात आहे. सदतिसाव्यात काही जण तलवारीने मारले गेले. विश्वास तोच, अध्याय तोच, मध्ये दोन वचनं. पहिल्यांचा विश्वास जास्त होता असं लेखक सूचितही करत नाही; दोघांविषयी एकाच सुरात लिहितो, त्यांच्याविषयी चांगली साक्ष होती म्हणून. आणि ज्याचा मुलगा आजारी होता तो बाप येशूला म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. येशूने त्याला आधी अविश्वासाचा निकाल लावून ये म्हणून परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं.

तेव्हा संडे स्कूल. थकला असाल तर सुपरिंटेंडंटना सांगून महिनाभर सुट्टी घ्या, त्यात काही बिघडत नाही. पण “माझं मन डळमळतंय, मी लायक नाही” या कारणासाठी सोडणार असाल तर सोडू नका. परत वर्ग घ्याल तेव्हा दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायापासून सुरुवात करा: शद्रख, मेशख, अबेदनगो. ही गोष्ट सांगताना आपण सगळेच भट्टीतल्या चौथ्या माणसाकडे पळतो, मुलांनाही तोच भाग आवडतो. या वेळी भट्टीच्या आधीचं त्यांचं बोलणं सावकाश वाचा. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, असं ते राजाला म्हणतात, आणि लगेच पुढे: त्याने न सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. मग मुलांना विचारा, हे बोलताना त्यांना भीती वाटत असेल का? पाच मिनिटं मुलांना बोलू द्या आणि त्यांची उत्तरं फळ्यावर लिहून घ्या.